लाट येईपर्यंतचे पाच तास

३० जुलै २०२५ रोजी रशियाच्या कामचाटका किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. वर्षावासाचे दिवस होते. आमच्या विहारात या काळात रोज सायंकाळी ग्रंथवाचन चालते. त्या दिवशी वाचन आटोपले तरी बाया उठेनात. दिवसभर रोवणी करून आलेल्या, कंबर मोडलेल्या बाया. पण सगळ्यांनी कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर जपानमधली धावपळ पाहिली होती. त्यातली एक मावशी मला म्हणाली, "वो बाई, आपुन सहा डिसेंबरले जेथं रात काढतो, तेथं असं पानी आलं त मंग?"

कोणी हसले नाही. प्रश्न हसण्यासारखा नव्हताच.

नागभीडच्या माणसाला समुद्राशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. आमचे पाणी म्हणजे गावची बोडी, मालगुजारी तलाव, फार तर घोडाझरी, आणि पलीकडे वैनगंगा. पण या तालुक्यात बौद्धांचे असे घर क्वचितच सापडेल, ज्यातल्या कोणीतरी दादरचा समुद्र पाहिला नाही. पूर्वी छोट्या लाईनच्या गाडीने नागपूर गाठायचे आणि तिथून दादरची खास गाडी पकडायची. ती छोटी लाईन २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून नागपूरपर्यंत एस.टी. आली. पण जाणे थांबले नाही. आमच्या आयाबायांनी मुंबई म्हणजे दादर आणि समुद्र म्हणजे चैत्यभूमीमागचे पाणी, एवढेच पाहिले आहे. राणीची बाग नाही, गेट वे नाही. त्या पाण्याच्या काठी, वाळूपासून हाकेच्या अंतरावर लाखो माणसे, तान्ह्या लेकरांपासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत, दोन-दोन रात्री उघड्यावर काढतात. तेव्हा मावशीच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते.

मी बी. कॉम. झालेली, दिवसभर रकाने भरणारी कारकून. भूगोल हा काही माझा विषय नव्हे. पण शोध घेऊ लागले तेव्हा पहिलीच गोष्ट अशी हाती लागली, जी मला शाळेत कोणी शिकवली नव्हती. मुंबईवर त्सुनामी येऊन गेलेली आहे!

२८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनच्या सुमारास आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ, पसनी आणि ओरमारा या गावांच्या दक्षिणेला, समुद्राखाली मोठा भूकंप झाला. तीव्रता ८.१ च्या आसपास. पसनी गाव उद्ध्वस्त झाले. कराचीत पाणी शिरले. आणि तीच लाट अरबी समुद्रातून दक्षिणेकडे निघून सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईला पोहोचली. उंची सुमारे दोन मीटर, म्हणजे पुरुषभर. वर्सोवा आणि हाजी अली येथे माणसे वाहून गेली, जुहू आणि दांडा येथे कोळ्यांच्या होड्या दोरखंड तोडून गेल्या. मुंबईत सुमारे पंधरा माणसे दगावल्याची नोंद आहे. मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला हाजी अली, उत्तरेला दांडा आणि जुहू. दादर या दोघांच्या मधोमध!

योगायोग पाहा. त्याच महिन्याच्या ८ तारखेला बाबासाहेब कटकला होते. तेव्हा ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि ओरिसाच्या नद्यांच्या पुरावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते. पूर आला की पाणी लवकर समुद्रात घालवायचे, एवढाच विचार तोवर चालत आला होता. पाणी हा शत्रू नव्हे, ते अडवा, साठवा आणि वापरा, असा उलट विचार त्यांनी तिथे मांडला. हिराकुड त्यातूनच पुढे आले. आपल्या लोकांना बाबासाहेबांची घटना माहीत असते, पाणी फारसे माहीत नसते, म्हणून हे येथे सांगितले. असो.

आता माझ्यातली कारकून जागी झाली. भूकंप साडेतीनला, लाट सव्वाआठला. मधले पावणेपाच तास, म्हणजे जवळजवळ पाच तास, कुठे खर्ची पडले? कोठेच नाही. ते वाया गेले. ती पंधरा माणसे त्या वेळात झोपून उठली असतील, चहा-भाकर झाली असेल, कोणी अंघोळीला, कोणी जाळे घेऊन किनाऱ्यावर आले असेल. तिकडे एक किनारा बुडाला आहे हे इकडच्यांना सांगणारा कोणी नव्हता. लाट विमानाच्या वेगाने येत होती, पण तारेची खबर तिच्याहून वेगाने येऊ शकली असती.

ही लाट वाऱ्याने उठत नाही. विहारातल्या पोरांना मी एक प्रयोग करून दाखवला, तुम्हीही करा. पातळ तळाच्या परातीत पाणी घ्या. वरून फुंकर मारली तर फक्त वरचे पाणी हलते. ही झाली रोजची लाट. आता परातीच्या तळाला खालून ठोसा मारा. सगळे पाणी एकदम उचलले जाऊन काठाकडे धावते. समुद्राचा तळ भूकंपात वर-खाली झाला की असेच होते. खोल समुद्रात ही लाट ताशी सातशे-आठशे किलोमीटर पळते, पण इतकी बसकी असते की वरून जाणाऱ्या होडीला कळतही नाही. काठ जवळ आला, तळ उथळ झाला की तिचा वेग मोडतो आणि मागचे पाणी पुढच्यावर चढून उंची वाढते. पुष्कळदा लाटेआधी समुद्र मागे हटतो, वाळू उघडी पडते, मासे तडफडू लागतात. माणसे ते गोळा करायला आत धावतात, आणि तिथेच घात होतो. पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असेही नाही. दुसरी, तिसरी तासाभराने येते. कराचीला १९४५ साली असेच झाले होते.

तळ वर-खाली न होता नुसता आडवा सरकला, तर मोठा भूकंप होऊनही लाट बेताचीच उठते. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ चा धक्का बसला, चेन्नईपर्यंत माणसे रस्त्यावर आली, आणि लाट मात्र किरकोळ निघाली. इशारा मागे घेतला की लोक म्हणतात, उगीच घाबरवले. मला तसे वाटत नाही. धान भिजेल म्हणून ताडपत्री टाकली आणि पाऊस आला नाही, तर आपण ताडपत्रीला शिव्या देतो काय?

माझ्या पिढीने त्सुनामी हा शब्द ऐकला तो २००४ साली. २६ डिसेंबर, रविवार. मी तेव्हा नुकतीच पदवी घेऊन घरी बसले होते. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दिवसभर तेच ते चित्र. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे मेली. आपल्या देशात दहा हजारांवर मृत्यू, शिवाय हजारो बेपत्ता. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांवर. पुन्हा तोच हिशेब मांडा. तामिळनाडूच्या किनाऱ्याला दोन-अडीच तास मिळाले होते. सोमालियाला तर सात तास! तिथेही शेकडो माणसे मेली. प्रशांत महासागरात इशाऱ्याची यंत्रणा कित्येक वर्षांपासून होती, हिंदी महासागरात नव्हती. गरिबांच्या समुद्राला पहारेकरी कोण ठेवणार?

पण त्याहून वाईट लाट पाणी ओसरल्यावर आली. नागपट्टणमच्या छावण्यांत दलितांना वेगळे काढले गेले. काही ठिकाणी मदतीचे सामान त्यांच्या वस्तीपर्यंत पोहोचू दिले नाही, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, अशा बातम्या त्या वेळी देशा-परदेशांत छापून आल्या. ह्यूमन राइट्स वॉच आणि दलित हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी आपल्या अहवालांतून हे मांडले. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर ७७ वर्षांनी, सगळ्यांचे सगळे वाहून गेलेले असताना, पाण्याची टाकी मात्र जात विसरली नाही! आणि चिखलातून, ढिगाऱ्यांतून कुजलेली प्रेते काढायला कोणाला आणले? दूरदूरच्या नगरपालिकांतील सफाई कामगारांना. ते कोण होते हे वाचकांना सांगायला नको. कित्येकांच्या हातात मोजे नव्हते.

मच्छीमारांचे नुकसान सर्वांत मोठे होते, यात शंका नाही. तेही गरीबच, त्यांचीच माणसे जास्त गेली. त्यांना होड्या मिळाल्या, जाळी मिळाली, हे योग्यच झाले. पण किनाऱ्यामागच्या शेतात राबणारा, मासळी वाहून नेणारा, मिठागरात खपणारा जो मजूर, त्याच्या नावावर होडी नव्हती आणि जमीनही नव्हती. खारे पाणी शेतात बसले, मजुरी गेली. नुकसानीच्या रकान्यात त्याचे लिहायचे काय? ज्याच्याजवळ काही नव्हते त्याचे काही गेले नाही, असा तो हिशेब.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशातून पाण्याचा लोंढा आला, गोसेखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले, आणि आमच्या शेजारच्या ब्रह्मपुरी तालुक्यातली लाडजसारखी गावे पाण्याने वेढली गेली. तिथेही वरून खाली पाणी यायला काही तास लागतात. खबर वेळेवर मिळाली नाही, ही तक्रार गावोगावी ऐकू आली. पूर ओसरल्यावर आम्ही काही जणी कपडे, धान्य घेऊन गेलो आणि अर्ज भरायला बसलो. मला तेवढेच तर येते. एक बाई समोर येऊन बसली. घर पडलेले, शेळ्या वाहून गेलेल्या, नवरा ठेक्याने दुसऱ्याची दोन एकर करणारा. सातबारा मालकाच्या नावाने, म्हणून धानाची भरपाई मालकाला. तिच्या शेळ्यांचा पुरावा काय, तर खुंटा! खुंटाही वाहून गेला होता. आम्ही शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन अर्ज केला. तीन चकरा, चार चकरा. शेवटी घराचे थोडे पैसे मिळाले, शेळ्यांचे नाहीच. म्हणून नागपट्टणमचे वाचताना मला तामिळ मजुराचा चेहरा अनोळखी वाटला नाही.

आता वाचलेल्यांविषयी सांगते, कारण त्यांच्याविषयी फार कमी बोलले जाते. २००४ च्या भूकंपाला अगदी लागून सिमेउलुए नावाचे इंडोनेशियाचे बेट आहे. लाट काही मिनिटांत येणार होती, कोणतीही यंत्रणा तिथे पोहोचू शकली नसती. तरी सुमारे ७८,००० वस्तीत मेले ते फक्त सात. तिथे १९०७ साली अशीच लाट आली होती. तेव्हापासून आजी नातवाला झोपवताना सांगत आली की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगरावर पळ. त्या लाटेला ते स्मोंग म्हणतात. लहान अंदमानातले ओंगे आदिवासीही असेच उंचावर जाऊन वाचले. आपल्याकडे आदिवासीला अडाणी म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुद्दुचेरीजवळ नल्लवाडू हे मच्छीमारांचे गाव. तिथला एक मुलगा सिंगापूरला नोकरीला. त्याने टीव्हीवर बातमी पाहिली आणि गावी फोन केला. गावात स्वामिनाथन प्रतिष्ठानने उघडलेले माहिती केंद्र होते, त्याचा भोंगा होता. भोंग्यावरून पुकारा झाला आणि अख्खे गाव बाहेर पडले. घरे, होड्या गेल्या. माणूस एकही गेला नाही. एक फोन आणि एक भोंगा! थायलंडच्या किनाऱ्यावर तर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीने पाणी फेसाळताना पाहून आईबापांना ओढून नेले आणि किनारा रिकामा करवला. दोन आठवड्यांपूर्वी वर्गात भूगोलाचा तो धडा झाला होता. आपली लेकरे परीक्षेनंतर भूगोल विसरतात, त्यात त्यांचा दोष नाही. तो धडा उपयोगाचा आहे हे आपणच त्यांना कधी सांगत नाही.

पण आमच्या भागातल्या माणसाच्या काळजाला भिडेल अशी गोष्ट जपानची आहे. १८५४ साल, हिरो नावाचे किनाऱ्याचे गाव. सुगी आटोपलेली. भूकंप झाला, अंधार पडत आला, लाटेने माणसे वाट चुकू लागली. हामागुची गोर्यो नावाच्या तिथल्या सधन गृहस्थाने शेतातल्या भाताच्या पेंढ्यांच्या गंज्यांना एकामागून एक आग लावली. त्या उजेडाच्या रोखाने माणसे उंचावरच्या देवळाकडे चढली आणि वाचली. आपल्याकडे दिवाळीनंतर शेतात धानाचे पुंजणे उभे असतात. पुंजणा जळणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. वर्षाचे पोट जळते. कोणी सूडापोटी पुंजण्याला काडी लावली अशी बातमी दरवर्षी एखादी तरी येतेच. आणि तिकडे एक माणूस स्वतःच्या गंज्या स्वतः पेटवतो, शेजाऱ्याला वाट दिसावी म्हणून!

तो एवढ्यावर थांबला नाही. घरदार गेलेली माणसे गाव सोडून जाऊ लागली, तेव्हा त्याने स्वतःच्या पैशाने समुद्राला बांध घालायला काढला आणि कामावर त्याच लोकांना रोजीने लावले. जवळजवळ चार वर्षे काम चालले. मजुरी मिळाली, गाव टिकले, बांधही झाला. १९४६ साली पुन्हा लाट आली तेव्हा त्या बांधाने गावाचा मोठा भाग राखला. आमच्याकडे दुष्काळात तलावाच्या पाळीचे काम काढतात त्यातलीच ही बुद्धी. ती घटना जपानी पंचांगाप्रमाणे अकराव्या महिन्याच्या पाचव्या दिवशीची, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला.

आता आपल्या देशाचे. २००७ च्या ऑक्टोबरपासून हैदराबादेत इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र चालू आहे. आमच्या तालुक्यातल्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात; त्याच तेलंगणात, समुद्रापासून इतक्या लांब बसून काही माणसे रात्रंदिवस दोन्ही समुद्रांवर डोळा ठेवून असतात. भूकंपमापक यंत्रे, समुद्रतळाशी बसवलेले पाण्याचा दाब मोजणारे मापक आणि बंदरांतले भरती-ओहोटीचे मापक यांवरून भूकंपानंतर दहाएक मिनिटांत पहिली सूचना निघते. २०२५ च्या त्या जुलैच्या सकाळीही भारताला धोका नाही, हे त्यांनी लवकरच जाहीर केले. जपानने तर त्या दिवशी जवळपास वीस लाख लोकांना उंचावर जायला सांगितले. रशियाच्या सेवेरो-कुरिल्स्क गावात पाणी बंदरात घुसले; १९५२ साली याच गावात त्सुनामीने दोन हजारांवर माणसे मारली होती, या वेळी लाटेने एकही गेला नाही.

म्हणजे यंत्र आहे. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना तर २०२० साली युनेस्कोच्या सागरी आयोगाने त्सुनामीसाठी सज्ज गावे म्हणून मान्यता दिली. प्रश्न शेवटच्या कोसाचा आहे. हैदराबादेहून निघालेली खबर दादरच्या वाळूवर निजलेल्या नागभीडच्या बाईच्या कानापर्यंत, तिला कळेल अशा बोलीत जाईल काय?

मावशीला मी सांगितले ते असे. भिऊ नका. आपल्या पश्चिम किनाऱ्याला धोका पूर्वेपेक्षा कमी, आणि मकरानकडून लाट निघालीच तर मुंबईला तास मिळतात, मिनिटे नव्हे. तेवढ्या वेळात म्हातारे माणूसही हळूहळू चालत समुद्राकडे पाठ करून दादर स्टेशनच्या पलीकडे जाऊ शकते. पक्क्या इमारतीचा तिसरा मजला सापडला तरी पुरे. भीती पाण्यापेक्षा धावपळीची आणि अफवेची अधिक आहे. लाखोंच्या गर्दीत कोणी नुसते "पानी आलं" म्हणून ओरडले तर चेंगराचेंगरी लाटेआधी होईल. म्हणून ऐकायचे ते समता सैनिक दलाच्या आणि पोलिसांच्या भोंग्याचे. पाणी एकाएकी मागे हटलेले दिसले तर मात्र भोंग्याची वाट पाहायची नाही आणि पाहायला थांबायचे नाही. एकदा वर गेले की मोकळीक मिळेपर्यंत सामानासाठी परत यायचे नाही. पिशवी राहिली तर राहू द्या.

यावर तिने विचारले, "अन् फोन वाजते म्हनतात ते काय हाय?" तेव्हा मला २०२३ चा जुलै आठवला. सरकारने मोबाईलवर संकटाचा इशारा पाठवण्याची चाचणी घेतली होती. आमच्याकडे रोवणी चालू. बांधीच्या धुऱ्यावर पळसाच्या फांदीला प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकवलेले चार-पाच फोन एकदम विचित्र आवाजात किंचाळू लागले. बाया रोप टाकून पळाल्या. कोणाला वाटले फोन फुटणार, एकीने तर तो धुऱ्यापलीकडे फेकूनच दिला. पडद्यावर मराठीत मजकूर आला होता, पण कोणी वाचला नाही. चिखलाचे हात आणि चष्मा घरी.

त्यानंतर आमच्या महिला मंडळात मी तो आवाज दोनदा वाजवून दाखवला. सहा डिसेंबरला निघताना आता दहा-दहा जणींचा गट करतो. प्रत्येक गटात वाचता येणारी एक पोरगी, तिचा फोन भरलेला, आणि रात्री ती व दुसरी एक पाळीने जागी. गेल्या खेपेला आठवीतल्या दोघींनी हे काम आपणहून मागून घेतले. त्यांच्या वहीत दादरच्या रस्त्यांचा नकाशा काढलेला आहे, समुद्र खाली आणि स्टेशन वर.